चढणाऱ्याला वाट द्या

पुसदहून वाशिमच्या रस्त्याला लागले की वाटेत खंडाळ्याचा घाट येतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी येथे दचकू नये. खंडाळा ही काही एकट्या बोरघाटाची मिरासदारी नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यालाही एक खंडाळा आहे आणि त्यालाही घाट आहे. फरक इतकाच की आमच्या खंडाळ्यास हवा पालटण्यासाठी कोणी येत नाही, आणि सिनेमावाल्यांनी अद्याप त्याच्यावर गाणे केलेले नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे पसरत पसरत आमच्या बाजूला येतात, त्यांच्या कुशीत पूस नदीचे खोरे आहे. त्या खोलगटातून वर पठारावर यायचे तर कोठेतरी चढावेच लागते. तो चढ म्हणजे हा घाट.

या घाटाने मी नोकरीच्या काळात पुष्कळ वर्षे सायकलीने ये-जा केली. १९८३ साली पहिल्या काही पगारांतून काळी, दांडीची, बावीस किलो वजनाची सायकल घेतली, आणि वरच्या अंगाच्या एका शाळेत मुलांना गणित शिकवले. आता निवृत्त झालो. सायकल मात्र निवृत्त झाली नाही. आठवड्यातून एकदा मी अजून घाट चढतो. सगळा बसून चढतो असे खोटे सांगणार नाही. दोन वळणांवर उतरतो, सायकल ढकलतो, घाम पुसतो आणि पुन्हा टांग टाकतो. यात पराक्रम काही नाही. पराक्रमाची गोष्ट असती तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.

कारण पडले ते असे. मध्यंतरी गावात चार मंडळी जमली असता रस्त्यांवरील अपघातांचा विषय निघाला. त्यात एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सूचना मांडली की, घाटरस्त्यांवर सायकलींना सरसकट बंदी करावी. कारण? सायकलवाल्यांच्याच जिवाची काळजी! शिवाय वाहतुकीचा खोळंबा होतो, शिवाय आता सायकल वापरतो तरी कोण, आणि शिवाय समृद्धी महामार्गावर नाही का सायकलींना मज्जाव? तेथे कोणाचे काही अडले? सभेने माना डोलावल्या. मी उठून दोन शब्द बोलू लागलो, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, आता काहून जीव मारता? घरी बसा ना जी!" सगळे हसले, मीही हसलो आणि बसलो. हशापुढे युक्तिवाद टिकत नाही हा सभेचा नियम आहे. सुदैवाने दिवाळी अंकाला तो लागू नाही. म्हणून त्या दिवशी गिळलेले शब्द येथे मांडतो.

प्रथम मूळ प्रश्न. घाट बांधतात कोणासाठी?

हा प्रश्न बालिश वाटेल, पण त्याचे उत्तर बहुतेकांनी कधी मनाशी दिलेले नसते. रस्ता डोंगरातून थेट न नेता वळणे घेत घेत का नेतात? अभियंत्यांच्या कोष्टकात डोंगराळ भागासाठी साधारणपणे २० ला १ असा चढ ठरलेला आहे. म्हणजे वीस मीटर चालावे तेव्हा एक मीटर वर यावे. अगदी नाइलाज झाला तर थोडी सूट असते. ही मर्यादा कोणाच्या दमाकडे पाहून ठरवली? जो ओझे घेऊन वर येतो त्याच्या. उतरणाऱ्यासाठी घाट बांधावा लागत नाही. त्याला कडा पुरतो. डोंगर फोडून, वळणे काढून, लांबी वाढवून जो खर्च केला जातो तो सारा चढणाऱ्याच्या नावावर आहे. उतरणारा त्या खर्चाचा फुकटचा लाभार्थी आहे.

आमच्या भागाला हे कोणी नव्याने शिकवायला नको. ज्या बंजारा समाजाने गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या रूपाने १९६३ ते १९७५ महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिला, त्याच समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामागून मुलूख ओलांडीत असत. तांडा चाले तो लादलेल्या बैलाच्या चालीने. बैल थकला की तांडा थांबे. पुढे १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तोही याचसाठी की चाकाला वर चढता यावे. घाटाचा सगळा इतिहास हा असा हळू चालणाऱ्याच्या सोयीचा इतिहास आहे. तो उलटा करून हळू चालणाऱ्यालाच हाकलून देण्याची कल्पना आमच्या पिढीला सुचली, याचे श्रेय कोणीही हिरावून घेऊ नये.

कायद्याचेही म्हणणे ऐकावे. मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली रस्त्याचे जे नियम झाले, त्यांत स्पष्ट लिहिले की, डोंगरी आणि तीव्र चढाच्या रस्त्यावर जागा अपुरी असेल तेथे उतरणाऱ्या मोटारीच्या चालकाने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. जरूर तर गाडी कडेला उभी करावी. त्यात चढणाऱ्या 'मोटारीला' असे म्हटलेले नाही, 'वाहनाला' असे म्हटले आहे. सायकल हे वाहन आहे. तिला चाके आहेत, हँडल आहे, घंटा आहे आणि तिच्यावर माणूस आहे. पूर्वी नगरपालिका तिच्याकडून करही घेत आणि पितळेचा बिल्ला देत. तेव्हा ती वाहन आहे की नाही याविषयी कोणाला शंका नव्हती. वसुलीच्या वेळी वाहन आणि वाट देण्याच्या वेळी अडथळा, हा कोणता न्याय?

आता माझ्या मित्राच्या चारही मुद्द्यांकडे वळतो. त्यांना मी मित्रच म्हणतो, कारण त्यांची नियत वाईट नाही. त्यांनी घाट फक्त काचेतून पाहिला आहे, एवढाच त्यांचा दोष.

पहिला मुद्दा जिवाच्या काळजीचा. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता मी घाट चढत होतो. वरून एक मोटार दुसऱ्या मोटारीला मागे टाकीत वळणावर आली, ती सरळ माझ्या बाजूला. मी हँडल वळवले आणि कडेच्या गवतात गेलो. गुडघा फुटला, पुढचे चाक वाकले. मोटार थांबली नाही. खिडकीतून एक वाक्य मात्र आले, ते येथे छापण्यासारखे नाही. आता सांगा, त्या वळणावर नियम कोणी मोडला? आणि बंदी कोणावर घालायची म्हणता? चोरी होते म्हणून घरमालकाला गावाबाहेर काढण्यासारखीच ही सुरक्षितता आहे. ज्याच्यामुळे धोका आहे त्याला आवरायचे नाही. ज्याला धोका आहे त्याला हटवायचे, आणि वर त्याच्या जिवाची काळजी वाहिल्याचे पुण्य पदरात पाडून घ्यायचे.

दुसरा मुद्दा खोळंब्याचा. मी गणिताचा मास्तर, तेव्हा हिशेबच मांडतो. चढावर माझी सायकल तासाला सात किलोमीटर चालते. मागच्या मोटारीला चाळीसच्या वेगाने जायचे आहे. वळणामुळे तिला पुढे काढता येत नाही, म्हणून ती शंभर मीटर माझ्यामागे राहिली असे समजू. तिचा किती वेळ गेला? सुमारे पाऊण मिनिट. एवढ्या पाऊण मिनिटासाठी कर्णा वाजवून माणसाचे काळीज हलवायचे, आणि घाटमाथ्यावर पोहोचताच चहाच्या टपरीवर अर्धा तास बसायचे! मी ती मोटार कित्येकदा तेथे उभी पाहिली आहे. सायकल ढकलीत मी तिच्यापाशी पोहोचतो, तेव्हा आतल्या मंडळींचा पहिला चहा संपून दुसरा यायचा असतो.

तिसरा मुद्दा, सायकल वापरतो कोण? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल होती, एकवीस कुटुंबांकडे मोटारसायकल किंवा स्कूटर, आणि मोटार होती जेमतेम पाचांकडे. त्यानंतर फटफट्या पुष्कळ वाढल्या, हे मी डोळ्यांनी पाहतो. परंतु पहाटे घाटात येऊन पाहावे. दुधाच्या दोन किटल्या लटकवलेला गवळी दिसेल, कॅरिअरला विळा आणि भाकरीचे फडके बांधलेला मजूर दिसेल, आणि शाळेच्या वेळेला दप्तर पाठीशी घेतलेल्या मुली दिसतील. ही माणसे सभेला येत नाहीत, म्हणून ती रस्त्यावरही नसतात असे समजण्याचे कारण नाही.

त्या गवळ्याचे ओझे मोजून दाखवतो. त्याच्या आणि माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडल एकदा पुरे फिरले की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. २० ला १ च्या चढावर साडेपाच मीटर म्हणजे वर सत्तावीस सेंटिमीटर; वीतभराहून थोडे अधिक. माणूस साठ किलोचा, सायकल बावीस, दूध चाळीस लिटर. म्हणजे सव्वाशे किलोच्या घरातले ओझे पायाच्या एका फेऱ्यात वीतभर उचलायचे, आणि असे सुमारे एकशे ऐंशी फेरे झाले की एक किलोमीटर संपतो. ते करताना सायकल थोडी डावी-उजवीकडे झोकांड्या खाणारच. तो बेशिस्तपणा नव्हे, तोल आहे. आपण सकाळी चहात जे दूध घालतो ते असे वीत-वीत करून घाट चढून आलेले असू शकते. त्याला कर्णा वाजवून कडेला ढकलण्यापूर्वी एवढा हिशेब लक्षात ठेवावा.

चौथा मुद्दा समृद्धी महामार्गाचा. तेथे सायकलीला मज्जाव आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे. मला त्याविषयी तक्रार नाही. ते रस्ते मोटारींसाठी वेगळे, नव्याने बांधले. जुने रस्ते आपल्या जागी राहिले. द्रुतगती मार्ग झाला म्हणून बोरघाटाचा जुना रस्ता कोणी नांगरून टाकला नाही. आमच्या घाटाला दुसरी वाट कोठे आहे? एकच रस्ता आहे, त्यावरच सायकल बंद करणे म्हणजे खोऱ्यातल्या माणसाला सांगणे की, इंजिन विकत घेईपर्यंत खाली राहा. कोलकात्यात २०१३ साली दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली गेली होती. तेव्हा दूधवाले, पेपरवाले आणि कारागीर यांनीच आरडाओरडा केला, कारण पोट त्यांचे अडले. शहराला निदान गल्लीबोळ असतात. डोंगराला नसतात.

गंमत अशी की हीच आपली माणसे घाट चढणाऱ्या सायकलवाल्याला टाळ्याही वाजवतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात आणि बक्षीस देतात. देणे योग्यच आहे. पण वर्षाचा एक दिवस राजा आणि उरलेले दिवस अडगळ, असे का? राजाच्या सायकलीला दुधाच्या किटल्या नसतात म्हणून? फ्रान्समधल्या प्रसिद्ध शर्यतीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९१० साली तिच्या चालकांनी प्रथमच स्पर्धकांना पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेले. ओक्ताव्ह लापीझ नावाचा सायकलपटू एका खिंडीत सायकल ढकलीत वर आला आणि चालकांच्या तोंडावर त्यांना खुनी म्हणाला. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली! म्हणजे अव्वल वीरालाही चढावर उतरून ढकलावे लागते, आणि त्यालाही चीड येते. आमच्या गवळ्याने चकार शब्द काढला तर मात्र तो उद्धट!

त्या शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज हा दात्यांची अदलाबदल करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे आपण ज्याला गिअर म्हणतो त्याचा, मोठा वैरी होता. चढ सोपा करून घेणे त्याला बायकीपणा वाटे. मुख्य स्पर्धकांना १९३७ पर्यंत ते यंत्र मिळाले नाही. तोवर ते घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेचाकीवर चढ चढत. हे सांगण्याचे कारण, देग्रांज आमच्याकडे अजून जिवंत आहे. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आमच्या जिल्ह्याच्या निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. योजना उत्तम; तिने कित्येक मुलींची शाळा सुटू दिली नाही, असे मी शिक्षक म्हणून सांगतो. परंतु डोंगरातल्या मुलीच्या सायकलीला गिअर असावा, असे मी एकदा बोलून पाहिले, तेव्हा उत्तर आले, "गुरुजी, आता काय मुलींना चैनीच्या सायकली वाटायच्या?" मागच्या चाकाच्या तुंब्यात बसणारा तीन गतींचा गिअर जगात १९०२ पासून आहे, तो चढावर पायावरचा भार चौथाईने कमी करतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही युक्ती सपाटीवरच्या माणसाला चैन वाटते. आणि हे मला सांगणारे गृहस्थ स्वतः पाच गतींच्या मोटारीत बसले होते.

दोन वर्षांपूर्वी घाटाच्या मधल्या वळणावर मला अशा दोघी मुली भेटल्या. एक हँडल धरून ओढत होती, दुसरी मागून कॅरिअर रेटत होती. सायकल एकच, दोघींत मिळून. मी थांबलो आणि मास्तराच्या सवयीने विचारले, "सायकल मिळाली, बरं झालं ना गं?" पुढची धापा टाकीत म्हणाली, "सायकल आमाले कुठी नेते जी? आमीच तिले शाळेत नेतो!" आणि दोघी खदखदून हसल्या. त्या हशाने सभेतल्या हशापेक्षा मला अधिक गप्प केले. तेवढ्यात वरून गाडी आली, कर्णा वाजला, आणि दोघी सायकलीसकट कडेच्या काटेरी झुडपात शिरल्या. सवयीने शिरल्या. मला टोचला तो काटा हा. बाजूला होण्याचा धडा त्यांना कोणी शाळेत शिकवला नव्हता. तो रस्त्याने शिकवला.

सायकलवाले सगळे साधू आहेत असे माझे म्हणणे नाही. रात्री दिव्याशिवाय घाट उतरणारे मी पाहिले आहेत, तिघे तिघे शेजारी गप्पा मारीत जाणारेही पाहिले आहेत. तरुणपणी मी स्वतः चढावर ट्रकच्या मागची साखळी एका हाताने धरून फुकटचा घाट चढलो आहे. एकदा ट्रकने झटका दिला तेव्हा दोन दात गमावून ती विद्या सोडली. अशांना पोलिसाने खुशाल दंड करावा. मी पावती फाडायला मदत करीन. परंतु दंड हा अपराधाला असतो, बंदी ही अस्तित्वाला असते. हा भेद विसरू नये.

मागणे फार नाही. घाटरस्ता रुंद किंवा दुरुस्त कराल तेव्हा चढणाऱ्या बाजूला दीड मीटरची पक्की कड ठेवा. दोन्ही बाजूंना नको. उतरताना सायकल इतर वाहनांच्या जवळपास वेगाने जाते, तिला वेगळी जागा लागत नाही. म्हणजे खर्च निम्मा झाला. वळणांवर दम खायला थोडी सपाट जागा आणि एक झाड असावे. चढणाऱ्या वाहनाला वाट देण्याचा नियम घाटाच्या माथ्यावर, उतरणाऱ्याला दिसेल असा, मोठ्या मराठी अक्षरांत लिहावा. पायथ्याशी लिहून उपयोग नाही, चढणाऱ्याला तो पाठ आहे. आणि डोंगरातल्या मुलींच्या सायकलींना गिअर द्यावा.

याच पुसदच्या रानात १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. रानातल्या गवतावर गरिबाचाही हक्क आहे एवढेच त्या विळ्याचे म्हणणे होते. आमच्यावर तेवढी वेळ आलेली नाही. आम्हाला कोणताही कायदा मोडायचा नाही. आहे तो पाळावा, इतकेच मागणे आहे. त्यासाठी कोणाला तुरुंगात जायला नको. उतरताना पायाखालचा ब्रेक थोडा दाबला की झाले.

माझ्या मित्रासही एक निमंत्रण देऊन ठेवतो. दिवाळीनंतर थंडी पडेल; घाटातला साग तेव्हा अजून पानांत असतो आणि पहाटेची हवा गोड असते. माझ्याकडे दुसरी एक सायकल आहे. त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर घाट चढावा. जेथे दम लागेल तेथे उतरू, ढकलू, गवळी भेटला तर त्याला आधी जाऊ देऊ. माथ्यावरचा चहा माझ्याकडे. त्यानंतरही त्यांना बंदी हवी वाटली, तर ती सूचना मी स्वतः सभेत वाचून दाखवीन.

मात्र परत उतरताना त्यांनी ब्रेक तपासून घ्यावेत, आणि खालून कोणी चढत येत असेल तर कडेला थांबावे.